केसरबाईच्या लग्नाच्या तीन सूचना

पहिला रविवार. मिस्सेनंतर

बसा. सगळे बसा. आशीर्वाद व्हायचाय अजून, चपला शोधू नका. सूचना आहेत.

पुढच्या रविवारपासून सकाळची मिस्सा अर्धा तास लवकर. मसाटच्या कारखान्यांतली पाळी रविवारीही चुकत नाही आणि प्रवचनाच्या मध्ये सायकलींचे स्टँड पडल्याचा आवाज मला ऐकू येतो. प्रवचन लहान करा असं ज्यांनी सुचवलं त्यांचे आभार. मिस्सा लवकर होईल.

कबरस्तानात शेळ्या कोणाच्या येतात ते मला ठाऊक आहे. नाव घेत नाही. त्यांनी मान खाली घातलीच आहे.

राखेचा बुधवार अठ्ठावीस तारखेला. गेल्या वर्षीच्या झावळ्या ज्यांच्या घरी क्रुसामागे खोचलेल्या असतील त्यांनी झिपरूकडे आणून द्याव्यात. त्यांचीच राख कपाळाला लावायची असते. चुलीतली राख आणू नये. गेल्या वर्षी कोणीतरी आणली. तिच्यात वांग्याचं देठ निघालं.

लग्नाची सूचना, पहिली वेळ. वर, कारभारी पठारे, विधुर, मूळचा संगमनेरकडचा, सध्या मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात वॉचमन. वधू…

(इथे फादरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. कागदावर तेच नाव होतं.)

वधू, केसरबाई. विधवा. राहणार अथाल. कामाला… आपल्याच इथे, फादरांच्या घरी, स्वयंपाकाला. या लग्नात काही अडथळा कोणाला ठाऊक असेल तर त्याने तिसऱ्या सूचनेपर्यंत मला सांगावा. सांगणं हे त्याचं कर्तव्य आहे.

(आणि फादर थांबले. असं थांबायची पद्धत असते, एक श्वासभर. फादर एवढे थांबले की पुढच्या बाकावरचं एक मूल रडायला लागलं, गप्प झालं आणि पुन्हा रडायला लागलं. फादर एकेका बाकाकडे आशेने बघत होते.)

"झालं का, फादर?" बायकांच्या बाजूने आवाज आला. वधूचाच. "चुलीवर डाळ ठेवून आलेय."

आशीर्वाद घाईत झाला.


डाळीबद्दल

फादर बोनिफास गोव्याचे. सिल्वासाच्या या जुन्या चर्चवर त्यांची नेमणूक झाली त्याला आता पाच वर्षं होऊन गेली होती. माणूस सज्जन, कष्टाळू, आवाजाने मोठा. त्यांची स्मरणशक्ती मात्र सगळी जिभेत होती. आपल्याला पाद्री करणाऱ्या बिशपांचा चेहरा त्यांना आठवत नसे, पण त्या दिवशीच्या जेवणातल्या मोरी माशाच्या आंबट-तिखटाला वरून कोथिंबीर घातली होती आणि ती घालायला नको होती, हे आठवे.

अशा माणसाला पहिल्या वर्षी मिळाला तो लष्करातून निवृत्त झालेला स्वयंपाकी. तो भात, भाजी आणि मासा एकाच कुकरमध्ये एकाच वेळी उकडी आणि शिट्टीला सलाम ठोकी. दुसरा हळद म्हणजेच मसाला मानणारा. त्यानंतर काही आठवडे फादरांनी स्वतः स्वयंपाक केला. त्या काळात त्यांनी दिलेली प्रवचनं नरकाबद्दल होती आणि लोकांना पटत.

मग केसरबाई आली. अथालची वारली बाई, चाळिशी ओलांडलेली, बोलायला कमी. पहिल्या दिवशी तिने नुसती तुरीची डाळ आणि भात केला. फादर ताटावरून उठले, बाहेर व्हरांड्यात गेले, दमणगंगेच्या दिशेने काही वेळ पाहत उभे राहिले आणि परत येऊन पुन्हा बसले.

लग्नाची गोष्ट तिने मासा वाढता वाढता सांगितली.

"फादर, मी लगीन करतेय."

"चांगलं, चांगलं. कोणाशी?"

"त्या वॉचमनशी. कारभारी."

"साधा माणूस आहे. कर. मग दुपारी किती वाजता येशील कामाला?"

"नाय येणार. मसाटवरून रोज दोनदा कोण येईल? आणि आता एकाच पोटाचं बघीन म्हणते."

फादरांच्या घशात काटा अडकला. खराखुरा. केसरबाईने भाताचा सुका गोळा करून दिला, तो गिळून त्यांनी तारखांचा हिशेब मांडला. कारभारीच्या कंपनीत कुटुंबवाल्यांसाठी खोल्या होत्या. त्यातली एक रिकामी झाली होती. एक मार्चच्या आत बायको घेऊन आला तर ती कारभारीची, नाहीतर रांगेतल्या दुसऱ्याची. अठ्ठावीस फेब्रुवारीला राखेचा बुधवार. त्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपवासाचा काळ, म्हणजे पार एप्रिलच्या मध्यापर्यंत या चर्चमध्ये लग्न लागत नाही. आणि लग्नाआधी तीन रविवार सूचना वाचायची. मध्ये रविवार होते तीनच. एक जरी हुकला तर लग्न गेलं, लग्न गेलं तर खोली गेली. सध्या कारभारी सात जणांबरोबर एका पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होता. तिथे केसरबाई काय जाणार?

फादरांनी मनात प्रार्थना केली. ती कशासाठी होती हे त्यांनी देवालाही स्पष्ट सांगितलं नाही.


आठवड्यात आलेले अडथळे

मंगळवारी मंजुळाबाई आली. चर्च झाडणं, फुलं बदलणं, मेणबत्त्या विकणं ही तिची कामं. पदर सावरून ती म्हणाली, "फादर, कर्तव्य म्हनून सांगते. तो घोरतो."

"तुला कसं ठाऊक?"

"अख्ख्या मसाटला ठाऊक हाय. रातपाळीला घोरतो. चोर त्या आवाजाला घाबरून येत नाय, म्हनून तर ठेवलाय त्याला."

"घोरणं हा अडथळा नाही, मंजुळा."

"मंग तुमचा अडथळा तरी कसला असतो?"

फादरांनी समजावलं. आधीचं लग्न. जवळचं रक्ताचं नातं. जबरदस्ती. मंजुळाबाई प्रत्येकाला "हे नाय" म्हणत गेली आणि शेवटी खूप निराश होऊन फुलं बदलायला गेली. फादर तिच्याहून निराश होते.

गुरुवारी फाटकाशी मोटार थांबली. इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण माणूस उतरला. कौस्तुभ नाव, पुण्याचा, कारभारीच्या कारखान्याचा मॅनेजर. चर्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदाच येत होता. चपला काढाव्यात की नाही ते त्याला कळेना, म्हणून त्याने एकच काढली होती.

"फादर, तुम्ही हरकती मागवल्यात म्हणे. पठारेच्या लग्नाबाबत."

फादर एकदम पुढे सरकले. "आहे का तुमची?"

"छे, छे! तेच सांगायला आलो." त्याने पिशवीतून शिक्कामोर्तब केलेला कागद काढला. "आमची काही हरकत नाही. शेड बांधताना पेपरात अशीच नोटीस द्यावी लागली होती. तीस दिवसांत कोणी बोललं नाही, तरी ऑफिसात म्हणतात, ना हरकत लेखी आणा. म्हटलं नंतर धावपळ नको. आजूबाजूच्या कंपन्यांचीही आणू का?"

"नको," फादर क्षीण आवाजात म्हणाले.

"खोलीचं मात्र एक तारखेला बघावंच लागेल हं. माझ्या हातात नाही. मुंबईहून शेठ विचारतात." जाताना त्याने काढलेली चप्पल घालण्याऐवजी पायातलीही काढली आणि वेदीला लांबूनच नमस्कार केला. "छान आहे हो. थंड वाटतं."

शनिवारी केसरबाईने मंजुळाबाईला चुलीपुढे बसवलं. "मी गेल्यावर ही रांधील. सगळं दाखवलंय. आज खाऊन पाहा."

फादरांनी खाल्लं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झिपरूनेही खाल्लं. झिपरू म्हणजे चर्चचा सगळा आतला कारभार. वेदी मांडायची, वाईन आणि भाकरी ठेवायची, मेणबत्त्या, घंटा. पोर्तुगीज पाद्री होते तेव्हापासून त्याचं काम हेच, आणि पगारापेक्षा त्याला गोडी होती ती फादरांच्या नंतर मिळणाऱ्या ताटाची. मंजुळाबाईची डाळ त्याने एक घास खाल्ली. बोट घालून आणखी एकदा चाखली. मग ताट बाजूला सारून तो विचार करत बसला. झिपरू विचार करत बसला की काहीतरी होतंच.


दुसरा रविवार. मिस्सेनंतर

झावळ्या फक्त चार घरांतून आल्या. क्रुसामागे बघा. कॅलेंडरमागेही बघा.

मागच्या सूचनेबद्दल खुलासा. घोरणं हा लग्नाला अडथळा नाही. कंजूषपणा, उंची आणि 'माणूस नगर जिल्ह्यातला आहे' हेही नाहीत. कंपनीची हरकत नसल्याचा कागद मिळाला. धन्यवाद. तो लागत नव्हता.

लग्नाची सूचना, दुसरी वेळ. कारभारी पठारे आणि केसरबाई. कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर…

"हाय. येक हाय."

झिपरू वेदीच्या बाजूला उभा होता, हातात मेणबत्ती विझवायची लांब काठी. ती त्याने भाल्यासारखी जमिनीवर टेकली.

"झिपरू, खाली बस."

"तुमीच म्हनलं, सांगनं कर्तव्य हाय. चार वर्सांमागं ईस्टरला केसरचा बाप्तिस्मा झाला का नाय? तिची आय ख्रिस्ती, बाप ख्रिस्ती नव्हता, लहानपनी राहूनच गेलं होतं. पान्याचं भांडं मीच धरलं होतं. तेव्हा तिचा धर्मबाप कोन झाला? हाच, कारभारी. तिच्यामागं उभा राहून मेनबत्ती कोनी धरली? यानंच. बाप्तिस्म्यातला बाप तो बापच. जुने पाद्री सांगायचे, धर्मबापाला धर्माच्या लेकीशी लगीन लावता येत नाय. लावलं तरी लागत नाय."

म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. बरोबर होतं. सगळ्यांनी हे लहानपणी ऐकलं होतं. एक आजी तर मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, बापाशीच!" आणि तोंडावर पदर घेतला.

कारभारी मागच्या खांबाजवळ उभा होता. त्याची टोपी खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही.

केसरबाई फादरांकडे बघत होती. सगळेच फादरांकडे बघत होते.

"मी… पाहतो," फादर म्हणाले. "पुढच्या रविवारी सांगतो."


फक्त एका माणसाला ठाऊक असलेली गोष्ट

झिपरूने सांगितलेला नियम खराच होता. फादरांनीही तो सेमिनरीत पाठ केला होता.

आणि तो आता नव्हता. सहा वर्षांपूर्वी रोमने चर्चच्या कायद्याचं पुस्तक नव्याने काढलं त्यात हा अडथळा वगळला. धर्मबाप आणि धर्मकन्या खुशाल लग्न करू शकत होते. सिल्वासात हे कोणाच्या कानावर असायचं कारण नव्हतं. कानावर होतं ते फादर बोनिफास यांच्या. गोव्यात पाद्र्यांचं शिबिर भरलं होतं, सभागृहाच्या मागेच स्वयंपाकघर होतं, आणि आत शिजणाऱ्या डुकराच्या सॉरपोटेलमध्ये व्हिनेगर पडल्याचा वास भपकन आला त्याच क्षणी शिकवणारे म्हातारे मोन्सिन्योर म्हणाले होते, "हा एक अडथळा गेला." तो वास आणि ते वाक्य फादरांनी एकाच श्वासात आत घेतलं होतं.

त्या दिवशी दुपारी उकडलेला कोबी असता तर फादर हे वाक्य केव्हाच विसरले असते, आणि तेही अगदी निर्मळ मनाने.


मधला आठवडा

सोमवारी दुपारी केसरबाईने विचारलं, "फादर, झिपरू बोलला ते खरंय?"

"झिपरू बोलला तो नियम मीही सेमिनरीत शिकलो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तो घशाखाली उतरवायला फादरांना दोन पेले पाणी लागलं.

"मग ऱ्हायलं," ती म्हणाली. "आमटी देऊ?"

ती रडली असती, भांडी आपटली असती, डाळ करपवली असती तर फादरांना बरं वाटलं असतं. पण केसरबाईची रीत उलटी. दुःख झालं की ती रांधायला लागे. पहिला नवरा गेला तेव्हा तिने सगळ्या पाड्याला जेवू घातलं होतं.

मंगळवारी दमणहून आलेला सरंगा, नारळाच्या रसात. बुधवारी ओल्या तुरीची आमटी, नागलीची गरम भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. गुरुवारी, कोणी पाहुणा नसताना, कोंबडी. चार वर्षांत तिने असं रांधलं नव्हतं. झिपरू उंबऱ्यावर बसून तिसऱ्यांदा वाढून घेत म्हणाला, "फादर, मी बोललो ते देवाचंच काम झालं बघा." फादरांनी ताट अर्धं टाकलं. चर्चच्या लोकांत बातमी पसरली की फादर आजारी आहेत.

गुरुवारी संध्याकाळी कारभारी आला. गणवेशातच, सायकल भिंतीला लावून. खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना.

"फादर, मला कुठं ठावं व्हतं? म्या त्या दिशी पहिल्यांदाच या चर्चात आलतो. मागं उभा व्हतो. तुमीच हात केला, म्हनले, ए बाबा, इकडं ये, हिला कोनी नाही, मेणबत्ती धर. म्हनलं धरतो. निसती मेणबत्ती धरली तर बाप झालो व्हय?"

"तसंच असतं ते, कारभारी. नुसती मेणबत्ती नसते."

"मंग ती आता दुसऱ्या कुनाला तरी धराया देऊ. झिपरूलाच देऊ. हौस हाय त्याला. व्हईल का तसं?"

"नाही होत."

कारभारीने टोपी हातात फिरवली. "त्या दिशी मेणाचा थेंब तिच्या मानंवर पडला. म्हनलं, भाजलं का? म्हनली, नाय. मंग दर रविवारी इचारायचो, भाजलं का? आन् ती हसायची. असं झालं ते." त्याने टोपी डोक्यावर घातली. "मॅनेजरसाहेबास्नी सांगतो खोली देऊन टाका. केसर म्हनती, जाऊ दे. म्हनती, मी फादरांकडंच ऱ्हाईन, त्यांचे लई हाल व्हत्यात जेवनाचे."

हे शेवटचं वाक्य तो सहज बोलला आणि सायकल घेऊन गेला.

फादर बसून राहिले. त्यांना जे हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं, आणि तेही त्यांची कीव करून दिलेलं होतं.


तिसऱ्या रविवारसाठी मनात लिहिलेल्या सूचना

एक. 'अडथळ्याबाबत बिशपांच्या कार्यालयाला विचारलं आहे. उत्तर ईस्टरनंतर येईल.' (खोटं. खोडलं.)

दोन. 'या लग्नाबाबत पुढील सूचना मिळेपर्यंत सूचना नाही.' (खोटं नाही. पण म्हणजे काय? खोडलं.)

तीन. 'प्रिय भाविकहो, धर्मगुरूही माणूस असतो. त्यालाही देह आहे, आणि देहाला…' (पोट हा शब्द आल्याबरोबर खोडलं.)

चार. 'लग्नाची सूचना, तिसरी वेळ.' (इथे खालून कोळंबीचा वास आला. फादर उठले आणि खिडकी लावून आले.)


तिसरा रविवार. मिस्सेनंतर

बसा. आज कोणी उठणार नाही ते ठाऊक आहे मला. शेळीवाले पण आलेत.

झिपरूने सांगितलेल्या अडथळ्याबद्दल. झिपरू खोटं बोलला नाही. असा नियम होता. मीही शिकलो, तुमच्या आजोबांनीही ऐकला. सहा वर्षांपूर्वी चर्चने तो काढून टाकला. कारभारी आणि केसरबाई यांच्या लग्नाला काहीही अडथळा नाही.

"काडून टाकला?" झिपरू. "आनि आमाला कोनी सांगितलं नाय?"

तुम्हाला सांगणं माझं काम होतं. मी गोव्यात शिकून आलो आणि सांगायचं राहिलं. ती एक चूक. दुसरी चूक… मागच्या रविवारी झिपरू बोलला तेव्हाच मला हे ठाऊक होतं.

(बायकांच्या बाजूला बाक सरकला. केसरबाई उभी राहिली होती.)

"ठाऊक होतं?"

"होतं."

"सोमवारी मी इचारलं तेव्हाबी?"

"हो."

"मग का नाय सांगितलं?"

फादर बोनिफास यांना लॅटिन येत होतं. पोर्तुगीज येत होतं. कोकणी, मराठी आणि कामापुरती गुजराती येत होती. त्यांनी सगळीकडे शोधलं.

"भूक लागली होती," ते म्हणाले.

पहिल्यांदा हसली ती पदर घेतलेली आजी. मग बाकांमागून बाक हसत गेले. पार मागे, ज्यांना ऐकू आलं नव्हतं त्यांना कोणीतरी सांगितलं आणि तेही उशिरा हसले. केसरबाई हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून फादरांकडे पाहत राहिली. जेवताना त्यांनी भाजी टाकली की पाहायची तशी.

"माझ्याकडून एका बाईची खोली गेली असती," फादर म्हणाले. आता त्यांचा आवाज मोठा नव्हता. "आणि नुसती खोली नाही. केसरबाई, मला क्षमा कर. कारभारी, तूही."

"बरं, वाचा आता," केसरबाई म्हणाली. "तिसरी वेळ वाचायची ऱ्हायलीय."

लग्नाची सूचना, तिसरी वेळ. वर कारभारी पठारे वधू केसरबाई कोणाला अडथळा ठाऊक असेल तर सांगावा नाही ना धन्यवाद लग्न परवा मंगळवारी सकाळी दहाला सगळ्यांनी यावं.

"फादर, थांबला नाय तुमी," मंजुळाबाई म्हणाली. "थांबायचं असतं."

"मंजुळा, मी आठवडाभर थांबलोय."

झिपरूने काठी वर केली. "मग आता रांधनार कोन?"

"हा अडथळा नाही, झिपरू."

"अडथळा नाय. इचारतोय."

फादरांनी आशीर्वाद दिला.


मंगळवार

सकाळी सहाला केसरबाई नव्या लुगड्यात स्वयंपाकघराच्या दाराशी आली, हातात विळी. वऱ्हाडाला जेवण कोण करणार? स्वतःच्या लग्नाचं जेवण स्वतः करायचं यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. फादरांनी विळी काढून घेतली आणि आतून कडी लावली.

"मी करते की!" मंजुळाबाई खिडकीतून म्हणाली.

"नको!" आतून दोन आवाज एकदम आले.

आत फादर आणि झिपरू होते, आणि पाच कोंबड्या. फादरांना प्रत्येक रश्शाची चव पाठ होती. ती चव येते कुठून हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. खोबरं आधी की कांदा? झिपरू म्हणाला, "केसर आधी काईतरी चुर्र करते." त्यांनी काहीतरी चुर्र केलं. धूर एवढा झाला की चर्चला आग लागली म्हणून शेजारचे दोघे बादल्या घेऊन आले.

दहाला लग्न लागलं. फादरांच्या अंगाला धुराचा वास येत होता आणि एका बोटाला चिंधी होती. त्यांनी विचारलं, दोघांनी होय म्हटलं. कौस्तुभ मॅनेजर पहिल्या बाकावर होता, दोन्ही चपला बाहेर काढून. अक्षता कधी टाकायच्या असं त्याने शेजाऱ्याला दोनदा विचारलं आणि शेवटी आणलेले तांदूळ मुकाट्याने खिशात ठेवले.

मग व्हरांड्यात पंगत बसली. केसरबाई सवयीने वाढायला उठली.

"बस," फादर म्हणाले. "आज तू बसायचं."

चार वर्षांत ती या घरात पहिल्यांदा पानावर बसली. फादरांनी स्वतः वाढलं. तिने रश्शात भात कालवला, एक घास घेतला आणि हळूहळू चावला. फादर आणि झिपरू समोर उभे होते, निकालाची वाट पाहणाऱ्या पोरांसारखे.

"फादर," ती म्हणाली, "तुमी लग्नंच लावत जा."

पंगत खदखदली. तेवढ्यात शेजारच्या पानावरून आवाज आला, "झकास झालंय की! अजून वाढा." कारभारी होता. त्याचं पान चाटूनपुसून साफ होतं.

केसरबाईचा हात थांबला. "आवडलं?"

"लई."

"खरंच?"

"आता मीठ हाय, तिखट हाय, ऊनऊन हाय. अजून काय लागतं मानसाला? शेडमधी आम्ही काय खातो, तुला दावतो एकदा."

केसरबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि एकदा फादरांकडे. फादर घाईघाईने पातेल्यात डोकावले.

"फादर. ह्येबी तुमाला ठाऊक होतं?"

"नव्हतं," फादर म्हणाले. "वेदीसमोरही सांगेन, हे मला ठाऊक नव्हतं."

मग मात्र ती हसली. आठवडाभराचं साठलेलं हसू. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. "जाऊ दे," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "जीभच हाय ती. शिकवीन." आणि आपल्या पानातलं उरलेलंही तिने त्याच्या पानात ओतलं. तेही त्याने संपवलं.

दुपारची पाळी होती. मॅनेजरने सुट्टी दिली होती, पण कारभारी म्हणाला, खोलीची किल्ली आजच घेतलेली बरी. केसरबाई सायकलच्या मागे बसली. मांडीवर गाठोडं, गाठोड्यात तिची विळी आणि खलबत्ता. फाटकाशी तिने सायकल थांबवायला लावली.

"मंजुळाला दोन महिन्यांत जमेल सगळं. तवर सोसा. उपवासाचेच दिवस हायेत. आनि ईस्टरला दोघंबी मसाटला जेवायला या."

सायकल वळली. कारभारी उभं राहून पायडल मारत होता, कारण पोट जड झालं होतं.

"फादर," झिपरूने विचारलं, "यंदा ईस्टर कधी…"

"पंधरा एप्रिल," फादर म्हणाले.